थर्मल चिठ्ठी : वजनाची पावती आणि मालावरचे लेबल



लागण, खत, पाणी, खोडव्याची निगा हे आपले नेहमीचे विषय. या अंकात ते थोडे बाजूला ठेवून एका चिठ्ठीविषयी लिहीत आहे. विषय लहान दिसतो, पण आपल्या उसाच्या वजनाचा, बिलाच्या तारखेचा आणि घरच्या जोडधंद्याच्या मालाचा पुरावा आज पुष्कळ वेळा याच चिठ्ठीवर असतो.

एस.टी.त कंडक्टर पूर्वी पेटीतले तिकीट फाडून पंच करून देत असे. आता हातातल्या मशीनमधून गुळगुळीत कागदाची पट्टी बाहेर येते. पेट्रोल पंपाची पावती, बँकेच्या एटीएमची चिठ्ठी, बझारमधल्या काट्यावर निघणारे लेबल, कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता, हे सगळे बहुतेक त्याच जातीच्या कागदावर असते. त्याला थर्मल कागद म्हणतात. अनेक कारखान्यांच्या वजनकाट्यावरही पावती आता याच कागदावर निघते. दिवाळीच्या सुमारास खिशात घातलेली पावती पुढच्या वर्षी शोधून काढावी, तर कागद कोराच्या कोरा! असा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. असे का होते, त्यावर इलाज काय, आणि आपल्या मालासाठी अशी लेबले करून घ्यायची झाल्यास काय पाहावे, ते क्रमाने सांगतो.

शाई नाही, मग अक्षर उमटते कसे?

या छपाईत शाई नसते, रिबनही नसते. कागदाच्या वरच्या थरातच सगळी करामत आहे. त्या थरात एक रंगद्रव्य असते, ते मुळात बिनरंगी असते. त्याच्या शेजारी सौम्य आम्लासारखा एक पदार्थ असतो. थंड असताना दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. छापण्याच्या यंत्रात तापणाऱ्या बारीक ठिपक्यांची एक पट्टी असते, तिला हेड म्हणतात. जिथला ठिपका तापतो तिथला थर वितळतो, दोन्ही पदार्थ एकत्र येतात आणि काळा रंग धरतो. कागद पुढे सरकतो, ठिपके तापत-निवत जातात आणि अक्षर तयार होते.

घरच्या घरी खात्री करून घ्यायची असेल तर कोऱ्या थर्मल कागदावर नखाने जोराने रेघ ओढा. घासण्याच्या उष्णतेने काळी रेघ उठते. साध्या कागदावर ती उठणार नाही. हातात आलेली पावती कोणत्या जातीची आहे हे ओळखायची हीच सोपी परीक्षा. मात्र ती कोऱ्या कडेला करावी, आकड्यांवर नको.

आता हेच गुण अवगुणही होतात. उष्णतेनेच उमटणारा कागद बाहेरच्या उष्णतेलाही ओळखतो. कागदाच्या प्रतीनुसार साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे तो आपोआप काळवंडू लागतो. आपल्याकडे बीड जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या वर जातो. मग उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या किंवा जीपच्या काचेखाली ठेवलेल्या पावतीचे काय होत असेल, याचा अंदाज करा. दुसरीकडे ऊन, तेलकट हात, डिंक, स्पिरिट आणि मऊ प्लॅस्टिक यांनी काळा रंग पुन्हा फिका पडत जातो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात, म्हणजे पासबुकाच्या कव्हरसारख्या कव्हरात, प्लॅस्टिक लवचिक करणारे तेलकट द्रव्य असते. ते हळूहळू कागदात उतरते आणि अक्षर खाऊन टाकते. जपून ठेवावी म्हणून कव्हरात घातलेली पावती त्यामुळेच लवकर पुसते.

वजनाची पावती कशी जपावी?

ही पावती म्हणजे आपला हक्काचा कागद आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर, ऊस पोच झाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज देणे लागते. हे दिवस मोजायचे कशावरून? पावतीवरच्या तारखेवरून. टनेज पडताळायचे कशावरून? भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ वजन या तीन आकड्यांवरून. तारीख आणि वजन पुसले गेले की तोंडी बोलण्याला कितीसा जोर राहणार? कार्यालयातल्या नोंदी असतातच, पण आपल्या हातात आपला कागद असला म्हणजे बोलणे दोन मिनिटांत मिटते.

तरी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

१. पावती हातात पडताच सभासद क्रमांक, गट नंबर, वाहन क्रमांक, उसाची जात, लागण की खोडवा, तारीख-वेळ आणि तिन्ही वजने वाचून घ्यावीत. चूक असेल तर त्याच दिवशी शेतकी खात्यात किंवा गट ऑफिसात सांगावे. पावती गाडीवान किंवा ड्रायव्हरकडे राहते, ती त्याच दिवशी ताब्यात घ्यावी.

२. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढावी. झेरॉक्सची अक्षरे साध्या कागदावर कोरड्या काळ्या पुडीची असतात, ती अशी उडत नाहीत. मोबाईलवर फोटो काढला तरी चालेल. फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवावा, म्हणजे एक मोबाईल बिघडला तरी अडत नाही.

३. एका वहीत खेपेगणिक तारीख, पावती क्रमांक आणि निव्वळ वजन बॉलपेनने लिहावे. ही जुनी पद्धतच सगळ्यात भरवशाची.

४. पावतीला लॅमिनेशन कधीही करू नये. लॅमिनेशनचे मशीन गरम असते, त्यातून पावती सबंध काळी होऊनच बाहेर येते, आणि मग तिला काही इलाज नाही. आकड्यांवर सेलोटेप लावू नये, मागून डिंक लावू नये.

५. मूळ पावती साध्या कागदी पाकिटात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. ट्रंकेत चालेल, चुलीजवळच्या फडताळात नको.

आणखी एक. हात मोकळे नसले की कित्येक ड्रायव्हर पावती दातात धरतात. ही सवय सोडायला सांगा. बऱ्याच थर्मल कागदांत बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन वापरले जात असे. शरीरातल्या अंतःस्रावांवर त्याचा परिणाम होतो म्हणून युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातल्या त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली. एखादी पावती हाताळल्याने घाबरून जायचे कारण नाही, पण ती तोंडात धरू नये, लहान मुलांना चघळायला देऊ नये आणि तिच्यात खाऊ बांधू नये.

जोडधंद्याच्या मालाला लेबल

आता दुसरा भाग. आपल्या सभासदांच्या घरी उसाबरोबर दुसरेही काही पिकते. कुणाचे गुऱ्हाळ आहे, कुणी काकवी करतो, कुणाकडे तूप, कुणाकडे गांडूळखत, कुणाची एक डोळ्याच्या रोपांची रोपवाटिका. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात सीताफळ आहे. महिला बचत गटांच्या पापड-लोणच्याला गिऱ्हाईक आहे. माल चांगला असतो, पण पिशवीवर नाव नसते. त्यामुळे व्यापारी आपल्या नावाने तो विकतो. हे थांबवायचे तर मालावर आपले लेबल पाहिजे.

टेबलावर मावणारे लहान लेबल यंत्र आज गटाला परवडण्यासारखे झाले आहे. या यंत्रांच्या दोन पद्धती आहेत. पहिली वर सांगितलेली, थेट उष्णतेने उमटणारी. हिला फक्त लेबलचा रोल लागतो. दुसऱ्या पद्धतीत काळी रिबन असते. हेडच्या उष्णतेने रिबनवरचा मेणाचा किंवा राळेचा थर वितळून साध्या लेबलवर बसतो. हिला रिबनचा खर्च जास्तीचा, पण अक्षर टिकते. काही यंत्रे दोन्ही पद्धतींनी चालतात, घेताना ते विचारून घ्यावे.

कोणत्या मालाला कोणती पद्धत, याचा साधा नियम असा की लेबलचे आयुष्य मालाच्या आयुष्यापेक्षा जास्त पाहिजे. काही उदाहरणे घेऊ.

सीताफळ झाडावरून उतरले की चार-पाच दिवसांत पिकून मऊ होते. त्याची पेटी पुण्या-मुंबईला जाऊन विकून मोकळी होते. तिला थेट थर्मल लेबल उत्तम. रिबनचा खर्च करायचे कारण नाही.

सीताफळाचा गर गोठवून ठेवतात. थंडी आणि अंधार दोन्ही या कागदाला मानवतात, अक्षर चांगले राहते. अडचण डिंकाची असते. साधा डिंक गोठला की लेबल गळून पडते. तेव्हा रोल मागवताना शीतगृहाचा डिंक हवा असे सांगावे, आणि डबा गोठण्यापूर्वी कोरडा पुसून लेबल लावावे.

गुळाची ढेप किंवा पाकीट महिनोन् महिने दुकानात राहते, कधी उन्हाच्या बाजूला असते. तूप, तेल, लोणचे यांचा तेलकट हात लागतोच. या मालाला थेट थर्मल लेबल लावू नये, रिबनची छपाई करावी. वरून संरक्षक थर दिलेले थर्मल लेबलही मिळते, ते साध्यापेक्षा बरेच टिकते, पण वर्षभराच्या मालाला रिबनच बरी.

रोपवाटिकेतल्या ट्रेला पाणी आणि ऊन दोन्ही लागते. तिथे कागदी लेबल आठ दिवसही धड राहत नाही. प्लॅस्टिकच्या लेबलवर राळेच्या रिबनने जात आणि लावल्याची तारीख छापावी. को ८६०३२ आणि फुले २६५ यांची रोपे लहानपणी नजरेने वेगळी काढणे अवघड, आणि एकदा मिसळ झाली की पुढची तीन वर्षे, म्हणजे खोडव्यापर्यंत, ती आपल्या रानात राहते.

आणि माती परीक्षणाचा नमुना? त्याला कुठलेच यंत्र नको. साध्या कागदावर शिसपेन्सिलीने सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, तारीख आणि खोली लिहून चिठ्ठी पिशवीत टाकावी, दुसरी बाहेर बांधावी. शिसपेन्सिलीचे अक्षर ओलाव्याने पसरत नाही, उन्हाने उडत नाही.

लेबल आपल्या गरजेप्रमाणे करून घेताना

पहिल्याने मजकुराचे दोन भाग करा. मालाचे नाव, गटाचे नाव-पत्ता, बोधचिन्ह, परवाना क्रमांक, तक्रारीसाठी फोन हे सगळे कायमचे. तारीख, बॅच, वजन, किंमत हे बदलणारे. कायमचा मजकूर छापखान्यातून रंगीत छापून घ्यावा आणि बदलणाऱ्या मजकुरासाठी पांढरी जागा कोरी ठेवावी. मग आपल्या यंत्रावर तेवढीच जागा छापायची. हा रोल पुढे गरम हेडखालून जाणार आहे, हे छापखान्याला आधीच सांगावे. नाहीतर रंग वितळून हेडला चिकटतो.

दुसरे आकारमान. पाकिटाची सपाट जागा मोजून मगच लेबल ठरवावे. गोल बाटलीवर फार रुंद लेबलचे टोक सुटते. समजा ५० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर उंच लेबल ठरवले. दोन लेबलांमध्ये ३ मिलिमीटर फट असते, ती पाहूनच यंत्राला एक लेबल संपले हे कळते. म्हणजे एका लेबलला २८ मिलिमीटर, १,००० लेबलांना २८ मीटर रोल लागला. रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचे मापही विचारावे. लहान यंत्राला बहुधा २५ मिलिमीटरची नळी बसते, मोठ्या यंत्राला ७६ मिलिमीटरची. चुकीचा रोल आला की तसाच पडून राहतो.

तिसरे अक्षर. नेहमीच्या यंत्राचे हेड एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके देते. ३ मिलिमीटर उंचीच्या ओळीला २४ ठिपके मिळाले. त्यातच आपली वेलांटी, मात्रा, रफार, उकार आणि जोडाक्षर बसवायचे. इंग्रजी अक्षराला यापेक्षा कमी चालते, आपल्या देवनागरीला नाही. यंत्राच्या पोटातली अक्षरे बहुतेक इंग्रजीच असतात. म्हणून मराठी मजकूर संगणकावर जुळवून चित्र म्हणून पाठवावा, नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे जाते.

चौथे बारकोड. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगगमच्या पाकिटावरून. भारतातल्या संस्थेकडून घेतलेल्या क्रमांकाची सुरुवात ८९० ने होते. मोठ्या बझारमध्ये माल ठेवायचा असेल तर हा क्रमांक रीतसर घ्यावा, दुसऱ्याच्या पाकिटावरचा उतरवू नये. आठवडी बाजारात विकायचे असेल तर बारकोडची गरज नाही. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी पांढरी जागा सोडावी, नाहीतर यंत्र तो वाचत नाही.

नियमाचे काय?

पाकीटबंद मालाला २०११ चे वैधमापन नियम आणि खाद्यपदार्थाला त्याशिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबल नियम लागू आहेत. गुळाच्या किंवा लोणच्याच्या पाकिटावर साधारणपणे पुढील मजकूर लागतो : मालाचे नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, पॅक केल्याची तारीख, वापराची मुदत, सर्व करांसह कमाल विक्री किंमत, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहारी मालाचे हिरवे चिन्ह. पोषणमूल्यांचा तक्ता आणि इतर बाबी आपल्या मालाला लागू आहेत का, हे जिल्ह्याच्या अन्न प्रशासन कार्यालयात विचारून घ्यावे.

इथे दोन गोष्टी पुष्कळांना ठाऊक नसतात. एक, हा सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी जरूर असावी, गिऱ्हाईक आपले आहे, पण ती त्याच्या जोडीला. नुसत्या मराठी लेबलने नियम पुरा होत नाही. दुसरी, छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवता येत नाही. किंमत कमी केली तर वेगळी चिठ्ठी चालते, पण तिने मूळ किंमत झाकता कामा नये.

आता वरच्या थर्मल कागदाची गोष्ट इथे जोडून पाहा. गुळाच्या पाकिटावर तारीख आणि किंमत थेट थर्मलने छापली आणि चार महिन्यांनी ती उडाली, तर ते पाकीट बिनतारखेचे झाले. दुकानदार ते परत करतो, तपासणी झाली तर खटल्याची पाळी येते. रिबनचे चार पैसे वाचवून पोतेभर माल परत घेण्यात काय शहाणपण?

सीताफळवाल्यांसाठी आणखी एक सूचना. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही आपल्या जिल्ह्याची मोठी कमाई होय. मात्र मानांकनाचे चिन्ह पेटीवर वापरायचे तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदलेले पाहिजे. उत्पादक संघामार्फत ही नोंदणी करता येते. ती झाल्यावरच चिन्ह लेबलवर घ्यावे. बाहेरचा माल कुणी बीडच्या नावाने विकत असेल तर त्याला अडवण्याचा आपला आधार हीच नोंदणी आहे.

रोल मागवण्याआधी परीक्षा

पाच-पंचवीस लेबले नमुन्याला छापून घ्या. एक उन्हाच्या भिंतीवर लावा, एक कपाटात ठेवा, एकावर तेलाचा थेंब टाका, एक ओले करून घासा, आणि एक खऱ्या पाकिटावर लावून दुचाकीवरून तालुक्याला नेऊन आणा. पंधरा दिवसांनी सगळी शेजारी मांडून पाहा. कोणते लेबल घ्यायचे ते तीच सांगतील. एकदम वर्षाचा साठा करू नये, कारण कोरा रोलही जुना झाला की अक्षर फिके उमटवतो. रोल बंद पिशवीत, थंड जागी ठेवावेत. यंत्राचे हेड दर रोलला मऊ फडक्याने आणि स्पिरिटने पुसावे, चाकूने खरवडू नये.

प्रत्येकाने वेगळे यंत्र घेण्यापेक्षा दहा-वीस घरांनी किंवा एका बचत गटाने मिळून एक घ्यावे. लेबलची वही ठेवावी : कोणत्या तारखेला, कुणाच्या मालाची, कोणती बॅच, किती लेबले. एखाद्या पाकिटाची तक्रार आली तर ते कुणाच्या घरचे हे लगेच सापडते आणि बाकीच्यांच्या मालाला डाग लागत नाही.

सहकारात प्रत्येकाच्या मोळीची नोंद वेगळी राहते आणि तरी साखर एकत्र तयार होते, ते या कागदांच्या आधारावरच. सबब, गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी पावत्यांसाठी एक वही आणि एक कागदी पाकीट घरात तयार ठेवावे. मागच्या हंगामाच्या पावत्या अजून वाचता येत असतील तर त्यांची झेरॉक्स याच आठवड्यात काढून घ्यावी, ही सर्व सभासदांना विनंती. लेबलविषयी काही अडचण असल्यास आपल्या गट ऑफिसात चिठ्ठी द्यावी, शक्य ती माहिती देण्यात येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी